देवयानी, सिंधूचं बाळ आणि सकाळची गोळी

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'मराठी रंगभूमीवरचा मद्यपी' असा छापलेला आहे. संयोजकांना आम्ही फोनवर जे सांगितलं त्याचा हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा, की मद्यपी हा बहुधा कुणाचा तरी बाप असतो आणि त्याची मुलं मोठी होतात. रंगभूमीवर ती फारशी मोठी होत नाहीत. घरात मात्र होतात. तिशी-चाळिशीची होतात, नोकऱ्या करतात, आणि एके दिवशी बापाला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाकावर बसतात. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. पुढे रोज सकाळी ती गोळी पोटात जाते की नाही, हे बघायला घरात कुणीतरी लागतं. त्या बघणाऱ्या माणसाबद्दल आपल्या साहित्यानं काय म्हणून ठेवलंय, एवढाच आजचा प्रश्न. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं; नाट्यसमीक्षा हा यांचा प्रांत नव्हे, असं मागच्या रांगेतल्या काही मित्रांना वाटत असेल. वाटू द्या.

'एकच प्याला'पासून सुरुवात करणं भागच आहे. १९१९च्या जानेवारीत गडकरी गेले आणि हे नाटक त्यांच्या पश्चात गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. सुधाकर हुशार वकील, मानी. कोर्टात अपमान होतो, सनद जाते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढचं तुम्हा सर्वांना पाठ आहे. पण एक गोष्ट आम्हाला दर वाचनात नव्यानं जाणवते. सुधाकर मधे एकदा दारू सोडतो. शपथ घेऊन सोडतो, आणि मनापासून सोडतो. मग उजळ माथ्यानं काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो, तिथे त्याची हेटाळणी होते, आणि तो परत प्याल्याकडे वळतो. सुटलेली दारू पुन्हा का लागते याचं इतकं अचूक निदान त्या काळात दुसऱ्या कुणी केलं असेल असं वाटत नाही. चव नव्हे, चैन नव्हे, अपमान. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारी माणसं ज्याला घसरण म्हणतात, तिचा अख्खा नकाशा गडकऱ्यांनी काढून ठेवला.

नकाशा काढला, पण वाट एकच ठेवली, निश्चयाची. निश्चय टिकला तर माणूस वाचला, मोडला तर विष. यात गडकऱ्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. त्यांच्या हयातीत या आजारावर उपयोगी ठरलेली एकही गोळी अस्तित्वात नव्हती. प्रश्न आपला आहे. आपण शंभरहून अधिक वर्षं या नाटकाला फूटपट्टी केलं. घरात कुणी प्यायला लागलं की आपण त्याच्यात सुधाकर शोधतो, बायकोत सिंधू शोधतो, आणि सोडवायचा उपाय म्हणून शपथ शोधतो. देवाची शपथ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. किती मुलांच्या डोक्यांवर असे हात ठेवले गेले असतील! ते डोकं कुणाचं होतं, त्याला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही.

आणि 'एकच प्याला'त मूल कोण आहे? सिंधूचं बाळ. ते बोलत नाही, त्याला नाव नसल्यासारखंच आहे, ते बापाच्या हातून मरतं. नाटकाच्या अर्थानं ते मूल नव्हेच, तो पुरावा आहे. दारू कुठवर नेते याचा पुरावा. त्याला बोलता आलं असतं, ते पंचवीस वर्षांचं झालं असतं, तर बापाला काय म्हणालं असतं, हा प्रश्न शोकांतिकेला परवडणारा नव्हता. शोकांतिकेला पाचव्या अंकात संपायचं असतं. दारू सोडणारा माणूस मात्र सहाव्या अंकात जगत असतो, सातव्या, आठव्या. त्या अंकांत पदं नसतात आणि टाळ्याही नसतात.

आता जरा मागे जाऊ. 'एकच प्याला'च्या सहा वर्षं आधी, १९१३ साली, खाडिलकरांचं 'विद्याहरण' आलं. पदांमुळे ते आठवतं, पण दारूचं नाटक म्हणून त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं. त्यातला मद्यपी शुक्राचार्य. त्याची प्रौढ मुलगी देवयानी. आणि योगायोग बघा: 'विद्याहरण'मधली देवयानी बालगंधर्वांनी केली आणि सिंधूही त्यांनीच केली. एकाच नटानं मद्यप्याची मुलगी उभी केली आणि मद्यप्याची बायकोही. महाराष्ट्राच्या मनात राहिली ती बायको. मुलगी गाण्यांत विरून गेली.

कथा मुळात महाभारताच्या आदिपर्वातली. असुरांना कच नको आहे. ते त्याला दोनदा मारतात, शुक्राचार्य दोनदा संजीवनीनं उठवतात. तिसऱ्या वेळी असुर त्याला जाळतात, राख मद्यात कालवतात आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजतात. देवयानी रडू लागते. बाप कचाला हाक मारतो आणि उत्तर येतं ते स्वतःच्या पोटातून. आता कच बाहेर यायचा तर बापाचं पोट फाडून. बाप मुलीला विचारतो, तुला कोण हवा? देवयानीचं उत्तर थोडक्यात असं, की दोघांपैकी कुणीही गेला तरी मी जळणारच. मला निवड करायला लावू नका.

मंडळी, दारू पिणाऱ्या बापाच्या मुलीची स्थिती याहून नेमकी कुणी सांगितली आहे का? बापानं जे पोटात घेतलंय त्यात तिचं स्वतःचं काहीतरी विरघळलेलं आहे. ते परत हवं तर बापाला फाडावं लागेल, बाप जपायचा तर ते कायमचं गमवावं लागेल. आईबापांच्या दारूपायी ज्यांचं शिक्षण राहिलं, लग्नं मोडली, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

शुक्राचार्य हा पेच सोडवतात. पोटातल्या कचाला संजीवनी शिकवतात, तो बाहेर येऊन त्यांनाच जिवंत करतो. त्यानंतर ते मद्याला शाप देतात, ब्राह्मणांना मद्य निषिद्ध ठरवतात. एका वाक्यात व्यसन संपलं! इथे आमची तक्रार सुरू होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुक्राचार्यांचे हात थरथरले नाहीत का? आठव्या दिवशी वृषपर्व्याच्या दरबारातून ते घरी परतले तेव्हा देवयानीनं दारातच त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं नाही का? पाहिलंच असणार. दारूड्याच्या मुलांना ती सवय आयुष्यभर जडते: पावलांचा आवाज ऐकायचा, किल्ली कुलपात किती वेळ खुडबुडते ते मोजायचं. आपल्या परंपरेनं शाप लिहून ठेवला, ती संध्याकाळ लिहून ठेवली नाही.

आता गोळ्यांकडे वळू. आमच्या नावामागचं डॉक्टर हे तत्त्वज्ञानातलं, त्यानं साधा खोकलासुद्धा बरा होत नाही. (हशा) तेव्हा डोस आम्हाला विचारू नका. पण गोळ्या कशा काम करतात हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा मांडता येणार नाही.

सगळ्यात जुनी डायसल्फिराम. हाल्ड आणि याकोब्सेन हे कोपनहेगनमधले दोन संशोधक हे द्रव्य जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. ते त्यांनी स्वतःही घेऊन पाहिलं, आणि नंतर दारू घेतल्यावर त्यांना विलक्षण त्रास होऊ लागला. १९४८ साली त्यांनी ते व्यसनावरचं औषध म्हणून जगापुढे मांडलं. शरीरात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचंही विघटन होतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते. विष साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्याचं हृदय कमजोर आहे त्याच्या जिवावरही बेततं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. दुसरी नाल्ट्रेक्झोन. अमेरिकेत १९९४ साली तिला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. ती त्रास देत नाही, दारूतली मजा काढून घेते. माणूस पितो, पण पूर्वीची ती किक बसत नाही. तिसरी अ‍ॅकॅम्प्रोसेट, दारू सुटल्यानंतरची जी तगमग असते, झोप न लागणं, जीव नुसता उलघालणं, ती ही गोळी शांत करते. आणि या तिन्हींच्या आधी पहिले काही दिवस वेगळेच असतात. बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जातो. 'आजपासून बंद' असं म्हणून बापाला खोलीत कोंडणाऱ्या मुलांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात.

आता तत्त्वज्ञान. अ‍ॅरिस्टॉटल तीन प्रकारची माणसं सांगतो. एकाला मोह होतच नाही. दुसऱ्याला होतो, पण तो जिंकतो. तिसऱ्याला होतो आणि तो हरतो. काय बरं ते त्याला ठाऊक असतं, तरी हरतो. या तिसऱ्याला ग्रीकमध्ये जे काही म्हणतात ते विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसवायला आम्हाला तासभर लागायचा, आणि मराठीत त्यासाठी चार शब्द तयार आहेत: कळतं पण वळत नाही. गीतेतला अर्जुनही तिसऱ्या अध्यायात हेच विचारतो, की इच्छा नसतानाही जबरदस्तीनं ओढल्यासारखा माणूस पाप करतो, तो कुणाच्या प्रेरणेनं? या चौकटीत गोळ्या ठेवून बघा. डायसल्फिराम तिसऱ्या माणसाला दुसऱ्याच्या जागी उभं करते. मोह तसाच राहतो, भीती त्याच्यावर मात करते. नाल्ट्रेक्झोन मोहालाच हात घालते, माणसाला पहिल्याच्या जवळपास नेऊ पाहते. आणि इथेच आपला समाज नाक मुरडतो. 'गोळी खाऊन सोडली, त्यात काय मोठं? मनानं सोडली असती तर मानलं असतं.' हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. हे वाक्य सुधाकरच्या शपथेतून आलेलं आहे.

पण याच महाराष्ट्रात माळ घालतात. गावोगावी किती पिणाऱ्यांनी वारकऱ्याची माळ घालून दारू सोडली याची मोजदाद कुणी केलेली नाही, पण प्रत्येक गावात दोन-चार नावं निघतील. ती माळ काय करते? गळ्यात दिसते. लोक बघतात. गुत्त्याकडे पाय वळला तर गावाला माळ आधी दिसते. म्हणजे तीही बाहेरची बांधणीच झाली, मनातला निश्चय नुसता मनात न ठेवता शरीरावर आणि चारचौघांत ठेवण्याची. माळकऱ्याला कुणी म्हणत नाही, की तुझी दारू माळेनं सोडवली, तू नव्हे. मग गोळीवाल्याला का म्हणायचं? दिवसातून शंभर वेळा नाही म्हणायचं असेल तर माणूस एकशेएकाव्या वेळी हरतो. सकाळी, डोकं थंड असताना, एकदाच हो म्हणून ठेवायचं, हाच गोळीचा उपयोग आहे. संध्याकाळच्या स्वतःवर सकाळचा स्वतः पहारा ठेवतो.

याला आधार म्हणून एक प्रयोग सांगतो. १९८६ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ६०५ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना डायसल्फिरामचा पूर्ण डोस, काहींना नावापुरता एक मिलिग्रॅम, काहींना नुसतं जीवनसत्त्व. दारू पूर्ण सुटण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. औषधवाद्यांनी यावर मान खाली घालावी असं वाटेल. पण त्यातच दुसरी नोंद आहे: कुठल्याही गटातला असो, जो गोळी नियमानं घेत राहिला त्याची दारू सुटण्याचं प्रमाण जास्त होतं. नियमानं घेतल्यामुळे सुटली, की सुटणारच होता तो नियमानं घेत राहिला? कार्यकारणाचा हा जुनाच पेच आहे आणि या आकड्यांनी तो सुटत नाही. नंतरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर चित्र थोडं स्पष्ट झालं. आपण काय घेतोय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला डायसल्फिरामचा उपयोग होताना दिसतो, विशेषतः कुणाच्या देखत घेतली जाते तेव्हा. गोळी खरी की खोटी हे झाकून ठेवलं की फरक पुसला जातो. म्हणजे ही अशी विचित्र गोळी आहे की जिच्यात जाणीव हाच औषधाचा मोठा भाग आहे.

म्हणूनच भिंतींवरच्या त्या जाहिराती आम्हाला फसव्याच नव्हे तर क्रूर वाटतात. एसटीनं जाताना कंपाउंडच्या भिंतीवर, रेल्वेच्या रुळांलगत तुम्ही वाचलं असेल: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. चहात टाका, भाजीत टाका. पुडीत काय असतं देव जाणे. पण चांगल्या घरांतले लोक खरी डायसल्फिरामही अशी कुटून आमटीत घालतात. ती घालणारी बायको, मुलगा, मुलगी दुष्ट नसतात, पार थकलेली असतात, हे आम्हाला मान्य आहे. तरी बघा काय होतं. बापाला ठाऊक नाही, तो बाहेर जाऊन रोजच्यासारखा पितो, आणि रस्त्यात कोसळतो. वैद्यकीय धोका आहेच. पण आम्हाला आठवते ती आदिपर्वातली राख. शुक्राचार्यांच्या प्याल्यात नकळत काहीतरी कालवणारे तिथे असुर होते. आपण त्यांच्याच हातातलं काम उचलतोय, फक्त हेतू बदलून. आणि ज्या दिवशी हे उघड होतं, त्या दिवसापासून तो माणूस घरच्या जेवणाकडे संशयानं बघायला लागतो. मग त्याला घरात काय उरलं?

आमची एक जुनी विद्यार्थिनी आहे. तर्कशास्त्रात हुशार होती, पुढे बँकेत लागली. तिचे वडील, घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, निवृत्तीनंतर प्यायला लागले असं लोक समजतात; खरं म्हणजे आधीपासून पीत होते, निवृत्तीनंतर ते झाकणारी नोकरी गेली. उपचार सुरू झाले. रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी दादांशी बोलून, त्यांची संमती घेऊन डायसल्फिराम सुरू केली. रोज सकाळी ही गोळी द्यायची, दादा घ्यायचे. तीन आठवड्यांनी तुळशीच्या कुंडीतल्या मातीत तिला पाच-सहा अर्धवट विरघळलेल्या गोळ्या सापडल्या. दादा जिभेखाली धरायचे आणि तुळशीला पाणी घालायला जायचे.

आमच्याकडे आली तेव्हा ती सांगत होती, की मला ओरडावंसं वाटलं आणि त्याहून जास्त हसू आलं, कारण आयुष्यात दादांनी तुळशीला कधी पाणी घातलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. तिनं ओरडा केला नाही. पुढच्या तारखेला दवाखान्यात दादांसमोरच हा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात विरघळवून घेत जा. आणि मग तिघांनी मिळून जे ठरवलं ते दादांनी स्वतःच्या हातानं कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं. गोळी चहाच्या आधी, मुलीसमोर. त्यानंतर दिवसभर त्या विषयावर तिनं बोलायचं नाही. दादांनी नाही म्हटलं तर तिनं वाद घालायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. आणि शेवटची ओळ, जी दादांनी आग्रहानं घातली: तोंडाचा वास घ्यायचा नाही.

त्या ओळीवर आम्ही बराच विचार केला आहे. बाप जिथे माणूस म्हणून उभा राहतो ती सीमा त्यानं आखून दिली. गोळीच्या वेळी तू साक्षीदार, उरलेल्या दिवसात तू मुलगी. पोरीनं ती पाळली. जड गेलं, पण पाळली. एका सकाळी दादा चिडून म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का गं तुझा?" ही म्हणाली, "विश्वासाचं नंतर बघू दादा, चहा गार होतोय." एवढ्यावर तो प्रसंग मिटला. मधे एकदा घसरणही झाली, गोळी थांबवून, दोन-अडीच आठवडे थांबून; माणूस हुशार असतो. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुरुवात. या मजकुरात नाट्य कुठे आहे, असं नाटककार विचारतील. आमच्या मते ते सगळं त्या तुळशीच्या कुंडीत आहे.

ग्रीकांकडे या करारासाठी एक चित्र आहे. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस सायरन्सच्या बेटाजवळून जातो. त्यांचं गाणं ऐकलं की माणूस नाहीसा होतो. तो खलाशांना सांगतो, मला डोलकाठीला बांधा, तुमच्या कानांत मेण घाला, आणि मी सोडा म्हणालो तर आणखी आवळा. यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंतानं १९७९ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून आमच्या क्षेत्रात डायसल्फिरामचं उदाहरण या गोष्टीशेजारी ठेवायची पद्धत पडली. पद्धत चांगली आहे, पण सगळे ओडिसियसबद्दल बोलतात. खलाशांचं काय? आपला मालक ओरडतोय, शिव्या देतोय, विनवतोय, आणि यांनी वल्ही मारत राहायचं. बांधण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळाला? त्याच्याच तोंडून, तो शुद्धीत असताना. हुकूम त्याचा आहे म्हणून ते कैदी करणारे ठरत नाहीत. आणि एक गोष्ट विसरू नका: त्यांच्या कानांत मेण आहे. स्वतःचे कान उघडे ठेवून कुणाला बांधून ठेवता येत नाही. ज्या मुलांना आईबापांची प्रत्येक विनवणी, प्रत्येक टोमणा ऐकू येतो ती फार काळ वल्ही मारू शकत नाहीत. मेण म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. स्वतःची नोकरी, झोप, मित्र, आठवड्यातून एखादी संध्याकाळ जेव्हा दादांचा विचारही करायचा नाही.

हे सांगताना आमच्या मनात पुरू असतो. देवयानीच्या आयुष्याचा दुसरा भाग आपण सोडून देतो. तिचं लग्न ययातीशी होतं, म्हणजे एका व्यसनी बापाच्या घरातून ती एका वेगळ्या अर्थानं व्यसनी नवऱ्याच्या घरात जाते. (असं होतं हे समुपदेशक तुम्हाला सांगतील.) ययातीला शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारपण येतं, आणि तो मुलांकडे तारुण्य मागतो. देवयानीचा थोरला यदू नाही म्हणतो. त्याला शाप मिळतो. शर्मिष्ठेचा धाकटा पुरू स्वतःचं तारुण्य बापाच्या वासनेसाठी देऊन टाकतो, त्याला राज्य मिळतं. खांडेकरांच्या 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं, कर्नाडांचं नाटक आपण डोक्यावर घेतलं, आणि दोन्हींमुळे ही कथा घराघरांत पोचली. पण आपल्या मनात आदर्श मुलगा कोण, तर पुरू. बापाची ओढ न संपणारी असो, तू आपली वर्षं दे. आम्हाला यदूची बाजू घ्यावीशी वाटते. तो नाही म्हणाला आणि तरी बापाच्या घरातच राहिला असता, तर काय झालं असतं, ही कथा आपण कधी रचलीच नाही. त्या शापित यदूच्या वंशात पुढे श्रीकृष्ण जन्मला, हे जाता जाता.

निवेदनपर मराठी गद्याला मात्र हे जमलं आहे, नाटकांना जमलं नाही. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. हा शब्द आम्हाला 'सुधाकर'पेक्षा मोठा वाटतो. अवचटांच्या लेखनात शपथ नाही, उपचार आहेत, आणि घरची माणसं आहेत, जी स्वतःही थोडी आजारी झालेली आहेत. अशा गद्याला आपण 'सामाजिक लेखन' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो. समीक्षकांनी ते कपाट उघडून 'एकच प्याला'शेजारी ठेवावं, एवढी आमची मागणी आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सर, तुम्ही सगळं बापाबद्दल बोलता. आई पीत असेल तर?"

ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार, नाव लिहिलं नाही तेही ठीक. खरं आहे, आमच्या हाताशी एकही नाटक नाही. सिंधू पिऊ शकते ही कल्पनाच आपल्या रंगभूमीला सहन होणार नाही. बाप पितो तेव्हा गल्लीला कळतं. आई पिते तेव्हा मुलीलासुद्धा उशिरा कळतं, आणि कळल्यावर ती आपल्या पेठेतल्या औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी देत नाही, दोन बस बदलून दुसरीकडे जाते. गोळ्या त्याच आहेत, तपासण्या त्याच. करारही तोच करता येईल, कालनिर्णयच्या मागे, आईच्या अक्षरात. फक्त तिथे आणखी एक ओळ लागेल असं वाटतं, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही याची, आणि ती ओळही आईनंच लिहायची. तुमची हरकत नसेल तर व्याख्यान संपल्यावर बाहेर आम्ही चहाच्या टेबलापाशी थांबलेले असू. अजून कुणाचे प्रश्न?